केबलला पडलेला बाक

१

खण उघडला आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. खणात स्टेपलर होता, मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं, कुणाची तरी डोकेदुखीची गोळी होती. केबल तेवढी नव्हती.

तिने खालचा खण पाहिला, टेबलाखाली वाकून पाहिलं, मग पुन्हा वरचाच खण पाहिला. मधल्या वेळात केबल शरमून परत आली असेल अशी तिची आशा असावी. आली नव्हती. धाकटीने खण कमरेच्या धक्क्याने लावला आणि खुर्चीत बसून राहिली.

ती सर्व्हर हॉलची प्रमुख होती. हॉल म्हणजे बिनखिडक्यांची थंडगार खोली, माणसाहून उंच लोखंडी कपाटांच्या रांगा, आणि प्रत्येक कपाटात जाळीच्या दारामागे घोंघावणारी यंत्रं. हॉलमधले लोक तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे दारवाली मॅडम, कारण कुठल्याही कपाटाचं दार उघडं दिसलं की तिला चैन पडत नसे. घरी ती धाकटी होती. आपणही तिला धाकटीच म्हणू, कारण या गोष्टीत मॅडमचा फारसा टिकाव लागत नाही.

गेल्या आठवड्यात जे घडलं ते सगळ्या हॉलच्या मानगुटीवर बसलं होतं. सातव्या कपाटात एका हॉस्पिटलचं यंत्र होतं. रोग्यांच्या मेंदूची, हाडांची चित्रं तिथे साठवलेली असत आणि ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या पडद्यावर तिथूनच जात. त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या डोक्याचं ऑपरेशन चालू होतं आणि पडद्यावरची चित्रं गेली. आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. सर्जन थांबत, वाट पाहत, पुढे सरकत. बाई वाचल्या, पण त्यांच्या उजव्या हाताची मूठ आता मिटत नाही, असा निरोप आला होता.

दोष निघाला सातव्या कपाटातल्या एका तांब्याच्या केबलमध्ये. ती बसवली होती भाऊजींनी, म्हणजे धाकटीच्या ताईच्या नवऱ्याने. हॉलमधलं केबलचं सगळं काम त्यांच्याकडे. हॉस्पिटलचा संशय असा, की भाऊजींनी नवी केबल बाहेर विकली आणि कुठलीतरी वापरलेली लावून टाकली. खरं काय ते केबल पाहिल्यावर कळणार होतं. म्हणून तर धाकटीने ती खणात कुलूप लावून ठेवली होती.

आणि आज हॉस्पिटलचा चौकशी अधिकारी ती पाहायला येणार होता. केबल नाही म्हटल्यावर भाऊजींची नोकरी तर जाणारच होती, वर पोलिसात तक्रारही होणार होती. ताईच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. धाकटीला शिकवण्यासाठी ताईने स्वतःचं शिक्षण सोडलं होतं आणि त्याचा उच्चार कधी केला नव्हता. धाकटीला मात्र तो रोज ऐकू येई.

दारावर टकटक झाली. अधिकारी वेळेच्या आधीच येऊन उभा होता.

२

ते निवृत्तीला आलेले, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. कुणी घाईने बोलू लागलं की हात वर करून "सावकाश, सावकाश" म्हणत. दुपार व्हायच्या आत हॉलने त्यांचं नाव सावकाश साहेब ठेवलं.

केबल हरवल्याचं ऐकून ते चिडले नाहीत, आणि हेच धाकटीला जास्त लागलं. त्यांनी फक्त खणाची किल्ली कुठे असते ते विचारलं. ती जुडग्यात असते आणि जेवायला जाताना जुडगा टेबलावर राहतो, हे सांगताना धाकटीची मान खाली गेली.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "ही केबल काय प्रकरण आहे ते आधी समजावून सांगा. लहान मुलाला सांगाल तसं."

धाकटीने स्टोअरमधून तसलीच एक केबल मागवली आणि त्यांच्या हातात दिली. काळी, करंगळीहून थोडी बारीक, पण हाताला ताठ लागणारी. दोन्ही टोकांना चपटे धातूचे प्लग. हे प्लग केबलपासून वेगळे होत नाहीत, तिने सांगितलं, कारखान्यातच जोडून येतात. काचेच्या तारेचं, म्हणजे फायबरचं, वेगळं असतं. तिथे तांब्यातून येणाऱ्या संदेशाचा प्रकाश करावा लागतो, पलीकडे प्रकाशाचा पुन्हा संदेश करावा लागतो, त्याला वीज लागते, उष्णता होते, खर्चही होतो. शेजारच्या शेजारच्या कपाटांत एवढा खटाटोप कशाला? तिथे ही तांब्याची केबल दोन्हीकडे खोचली की काम झालं.

"मग सगळीकडे हीच का वापरत नाही?"

"फार लांब चालत नाही, साहेब. दोन-तीन मीटर ठीक, त्यापुढे तिच्यावर विसंबता येत नाही. शिवाय लांबी ठरलेली. कापून आखूड करता येत नाही. आणि ती कशीही दुमडून चालत नाही. काचेची तार मोडते तरी, ही मोडत नाही. आतून दबते आणि वरून शहाण्यासारखी दिसते."

सावकाश साहेबांनी केबल किंचित वाकवली आणि सोडली. ती पूर्ण सरळ झाली नाही, थोडा बाक तिच्यात राहिला. त्यांनी तो बोटाने दोनदा चाचपला.

मग ते सातव्या कपाटापाशी गेले. भाऊजींनी त्या दिवशी घाईघाईने आणून लावलेली दुसरी केबल आत होती, आखूड, शेजारच्या सहाव्या कपाटात यंत्रांना एकमेकांशी जोडणारा जो स्विच होता तिथपर्यंत बरोब्बर पुरणारी. साहेबांनी आत डोकावून पाहिलं, दाराची जाळी पाहिली, दाराच्या आतल्या बाजूला कुलपाचा जो लोखंडी खुंट होता त्याला हात लावून पाहिला. बोटाला थोडं काळं लागलं. त्यांनी ते रुमालाला पुसलं.

"झालं ना साहेब?" धाकटीने विचारलं, दाराला कमरेने धक्का दिला आणि किल्ली फिरवली. दार खट्ट लागलं. साहेब तिच्याकडे पाहत होते. तिला वाटलं, दार जोरात लागलं म्हणून.

स्टोअर सांभाळणाऱ्या बाई हात आखडून देणाऱ्यातल्या. त्यांच्याकडून खिळा जरी घ्यायचा तर आधी तो खिळा लागतोच कशाला हे पटवून द्यावं लागे. त्यांनी सांगितलं की केबल वापरलेली नव्हती, कोऱ्या पाकिटातली होती, त्यांनी स्वतः दिली होती. पण ती होती तीन मीटरची. दोन मीटरच्या संपल्या होत्या. भाऊजींनी आखूड मागवायला सांगितल्या होत्या, पण मंजुरी मिळाली नाही.

"कुणी नाकारली?"

बाईंनी धाकटीकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "वरून," त्या म्हणाल्या.

वर दुसरं कोण होतं? धाकटीच. लांबवाल्या पडून आहेत, त्या आधी संपवा, असं ती म्हणाली होती. त्यात काय मोठंसं, तिने मनात म्हटलं, तीन मीटर चालतेच की. पण मग ते तोंडाने का म्हणत नव्हती, ते तिला सांगता आलं नसतं.

जाता जाता बाईंनी अडखळत आणखी एक गोष्ट सांगितली. काल जेवणाच्या सुट्टीत धाकटीच्या टेबलापाशी त्यांनी एका माणसाला पाहिलं होतं. पाठमोरा होता, पण ती पाठ ओळखीची होती. भाऊजींची होती.

३

थंडोबाला सगळे थंडोबा म्हणत कारण हॉल गार ठेवणं हे त्याचं काम होतं, आणि तो स्वतःही जगाच्या अंतापर्यंत घाई न करणाऱ्यांपैकी होता. सावकाश साहेबांना तो फार आवडला. दोघं एकमेकांच्या वाक्याची शेवटपर्यंत वाट पाहत बसले आणि धाकटी मधे ताटकळत राहिली.

ऑपरेशनच्या दिवशी तो कपाटांच्या मागच्या गल्लीत काम करत होता, म्हणून त्याच्यावरही संशय होता. केबलला तुमचा हात लागला का, असं साहेबांनी विचारल्यावर त्याने कानावर हात ठेवले. मागून हात पोचतच नाही, म्हणाला, केबल समोर असते. आपलं काम हवेशी.

"मग त्या दिवशी हवा कशी होती?"

थंडोबाचा चेहरा खुलला. "त्या दिवशी सातव्याची हवा फारच छान होती, साहेब. आधीचे सगळे दिवस नुसता वैताग. दार फटीएवढं उघडं. समोरून सोडलेली गार हवा बाजूलाच पळायची. कुणीतरी दारात पुठ्ठ्याची घडी अडकवली होती, लागू नये म्हणून."

"कुणी?"

"मला कुठे माहीत? मॅडम ट्रेनिंगला गेल्या होत्या. त्या परत आल्या त्या सकाळीच मी कानावर घातलं. आणि मग दार लागलेलं." त्याने धाकटीकडे कौतुकाने पाहिलं. "मॅडम असल्या की हॉलला शिस्त असते."

पुठ्ठा धाकटीला आठवत होता. बिस्किटाच्या खोक्याचा, नीट चौघडी केलेला. तिने तो ओढून काढला होता, केराच्या टोपलीत टाकला होता आणि दार लावलं होतं. दार लागताना जरा कुरकुरलं होतं. म्हणून तिने जरा जास्त जोर लावला होता.

कुरकुरतातच दारं, तिने स्वतःला समजावलं. आणि ती थंडोबाच्या पुढच्या वाक्याकडे फार लक्ष देऊन ऐकू लागली, जरी ते वाक्य पंख्यांच्या धुळीबद्दल होतं.

संध्याकाळी साहेबांनी सर्जनना फोन लावला आणि धाकटीला ऐकू येईल असा ठेवला. सर्जनचा आवाज थकलेला होता. चित्रं जात आणि येत, ते म्हणाले, आणि गंमत अशी, की हॉलमध्ये कळवलं की येत. "तुमच्या मॅडम बघायला गेल्या, असं फोनवर सांगायचे आणि चित्रं हजर. पाच-दहा मिनिटं सगळं सुरळीत. त्या गेल्या की पुन्हा अंधार."

फोन ठेवल्यावर साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही स्वतः बघायला जात होतात."

"हो. भाऊजींची सुट्टी होती. शेवटी त्यांना घरून बोलावलं." आणि मग, न विचारता, ती म्हणाली, "मी गेले की सगळे दिवे हिरवे असायचे, साहेब. दर वेळी. मी दार उघडून पाहायचे, काहीच बिघडलेलं नसायचं."

"आणि मग?"

"मग काय? दार लावून परत यायचे."

साहेबांनी वही काढली. धाकटीला एकाएकी हॉलमधून बाहेर जावंसं वाटलं, पण भाऊजी दारात उभे होते. त्यांना कबुली द्यायची होती.

४

भाऊजी म्हणजे बोलका माणूस. केबलला ते प्रेमाने "बाई" म्हणत, प्लग बसला की तिला शाबासकी देत, आणि आपल्यासारखी जुळणी कुणाला जमत नाही हे दिवसातून एकदा तरी सांगत. हॉलमध्ये ते मेहुणीला कटाक्षाने मॅडम म्हणत आणि घरी गेल्यावर तेवढ्याच कटाक्षाने तिची टिंगल करत. आज त्यांनी विनोदाला सुट्टी दिली होती.

"माझीच चूक आहे," ते उभ्यानेच म्हणाले. "केबल काढताना मधली पट्टी ओढायची असते, म्हणजे प्लगची कडी सुटते. मी बसवल्यावर एकदा परत काढली होती, तेव्हा तशीच हिसकली. कडी तुटली. प्लग ढिला राहिला. ते दिसू नये म्हणून खणातून घेतली आणि फेकून दिली. लिहून घ्या."

सावकाश साहेबांनी लिहून घेतलं नाही. ते धाकटीकडे वळले आणि विचारलं, असं होऊ शकतं का?

धाकटी हो म्हणू शकली असती. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिने भाऊजींकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"कडी तुटून प्लग ढिला असता," ती हळू म्हणाली, "तर दार उघडून, हात घालून, आजूबाजूला चाचपल्यावर तो आणखी निसटला असता. मी हात घालत होते. पण दर वेळी उलटंच व्हायचं. लाइन सुधारायची."

"मॅडम, तुम्हाला यातलं काय कळतं?" भाऊजी एकदम तडकले. "मी म्हणतो ना तुटली. माझा हात, माझी केबल, माझी चूक. तुम्ही कशाला खोलात शिरता?"

असं ते तिच्याशी हॉलमध्ये कधी बोलले नव्हते. हॉलमध्येच काय, घरीही नाही. साहेबांनी वही मिटली आणि उद्या सकाळी निर्णय देतो म्हणाले. भाऊजी निघाले. दारापाशी ते क्षणभर थांबले, धाकटीकडे न पाहता म्हणाले, "ताईला काही सांगू नकोस." आणि गेले.

चोर असता तर त्याने दोष दुसऱ्यावर ढकलला असता. हा माणूस दोष दोन्ही हातांनी ओढून घेत होता आणि कुणी हिसकावेल या भीतीने ओरडत होता. असं माणूस कुणासाठी करतो?

५

ताईने मात्र काहीतरी बिनसलंय हे आधीच ओळखलं होतं. ती धाकटीच्या घरी आली ती चपला न काढताच आत आली, आणि पिशवीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिने टेबलावर ठेवलं.

"हे त्यांनी गरम कपड्यांच्या ट्रंकेत लपवलं होतं. मला यातलं काही कळत नाही. पण नवरा तोंड लपवून हिंडायला लागला की बायकोला कळतं." तिचा आवाज बसला होता. "चूक झाली असेल त्यांची. माणसाच्या हातून होते. पण त्यांना जेलमध्ये बघायची माझी ताकद नाही, धाकटे. तू हे कुठेतरी नाहीसं कर. तुला कुणी विचारणार नाही."

धाकटीने टॉवेल उलगडला.

केबलच्या दोन्ही प्लगांच्या बाहेर राहणाऱ्या भागावर कारखान्याची पारदर्शक फिल्म अजून चिकटलेली होती. नवीकोरी केबल. कड्या दोन्ही शाबूत. स्टोअरच्या बाई खरं बोलल्या होत्या आणि भाऊजी खोटं.

आणि एका प्लगपासून वीतभर अंतरावर केबलला बाक पडला होता. साधी गोलाई नव्हती ती. कोपरासारखी तीक्ष्ण मोड होती, आणि मोडीच्या बाहेरच्या अंगाला काळं आवरण घासून चपटं झालं होतं. तिथे राखाडी रंगाचा बारीक पट्टा उमटला होता. कपाटांच्या दारांना तोच रंग असतो.

धाकटी तिथेच खाली बसली. आता तिला स्वतःपासून पळायला जागा उरली नव्हती.

दोन मीटरच्या कामाला तीन मीटरची केबल. उरलेल्या मीटरचं वेटोळं जाणार कुठे? ताठ केबल ती, दुमडून कोपऱ्यात बसत नाही. ते वेटोळं समोर फुगलं आणि दाराशी आलं. भाऊजींना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पुठ्ठा लावला. धाकटीने पुठ्ठा काढला आणि कमरेने दार रेटलं. कुलपाचा लोखंडी खुंट केबलवर बसला, केबल दबली, प्लग एका बाजूला ओढला गेला, चित्रं गेली. ती बघायला गेली, दार उघडलं, दाब सुटला, चित्रं आली. हिरवे दिवे पाहून तिने दार पुन्हा लावलं. आणि पुन्हा. तिकडे एक बाई डोकं उघडं ठेवून पडली होती आणि इकडे ही शिस्तीने दार लावत होती. मी गेले की सगळं ठीक होतं, असं तिने लोकांना सांगितलंही होतं, थोडं अभिमानानेच.

भाऊजींनी घरून येऊन दार उघडलं तेव्हाच त्यांना सगळं समजलं असणार. आखूड केबल त्यांनी स्टोअरच्या बाईंशी भांडून दुसऱ्या कपाटातून काढून घेतली, जुनी धाकटीच्या हातात दिली, आणि तिने ती न पाहताच खणात कोंबली. नंतर हॉस्पिटलचा माणूस केबल पाहायला येणार हे कळल्यावर त्यांनी ती चोरली. बाकावरचा रंग कुणीही ओळखला असता, आणि हॉलमधली दारं कोण लावतं हे तर शेंबडं पोरही सांगेल.

"टाकशील ना?" ताईने विचारलं.

इतकं सोपं होतं. ताई स्वतः सांगत होती. भाऊजी स्वतः अंगावर घेत होते. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याचा सराव तर तिला दिवसभरात झालाच होता. धाकटीला स्वतःची इतकी किळस आली की तिने केबलवरून हात काढून घेतला.

"ताई," ती म्हणाली, "त्यांची चूक नाहीये. ती माझी आहे."

ताई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने चपला काढल्या, शेजारी बसली आणि धाकटीचा हात हातात घेतला. "सांग," ती म्हणाली. लहानपणी काही फुटलं की ती असंच म्हणायची, रागावण्याच्या आधी.

६

सकाळी सातव्या कपाटापाशी सगळे उभे होते. सावकाश साहेब, स्टोअरच्या बाई, थंडोबा, आणि सगळ्यात मागे भाऊजी. धाकटीच्या हातातली केबल पाहून त्यांचा चेहरा उतरला.

धाकटीने हॉस्पिटलच्या केबलला हात लावला नाही. वापरात नसलेल्या दोन जागांमध्ये तिने जुनी केबल खोचली, वेटोळं होतं तसं सोडलं आणि दार सावकाश आत आणलं. खुंट बरोबर बाकावर येऊन बसला, आणि दार कुरकुरलं. तो आवाज तिने ओळखला. शेजारच्या कपाटातला छोटा हिरवा दिवा फडफडला आणि विझला. तिने दार उघडलं. दिवा लागला.

"हे दार मी लावलं," ती म्हणाली. "पुठ्ठ्याची अडवण होती ती मीच काढून फेकली. आखूड केबल भाऊजींनी मागितली होती, ती मी नाकारली. चित्रं गेल्यावर बघायला मीच येत होते आणि जाताना पुन्हा मीच दार लावत होते. यांनी केबल चोरली ती मला वाचवायला. लिहून घ्या, साहेब."

साहेबांनी या वेळी लिहून घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

"संशय होता. कालच खुंटाला घासलेलं केबलचं काळं माझ्या बोटाला लागलं. आणि तुम्ही दार लावताना आत बघत नाही, हेही दिसलं." त्यांनी वही खिशात घातली. "पण दारामुळे झालं हे सिद्ध करायला केबल लागते, आणि केबल तुमच्याच घरातल्या कुणाकडे असणार, हे उघड होतं. ती तुम्ही आणाल की नाही, एवढंच मला पाहायचं होतं."

भाऊजी पुढे आले. रागावलेले होते, आणि डोळे भरलेले होते. "एवढी चांगली लपवली होती," ते म्हणाले. "सगळ्यावर बोळा फिरवलास."

"भाऊजी, पुठ्ठ्यावर एक शब्द लिहायचा होतात. दार लावू नका, एवढाच."

ते खालच्या आवाजात म्हणाले, "एकदा मागितली, तू नाही म्हणालीस. मेहुणीकडे दुसऱ्यांदा तोंड वेंगाडायला नको वाटलं. म्हटलं, लावतो पुठ्ठा, कुणाचं काय जातं." त्यांनी कपाटाच्या जाळीवर हात ठेवला. "माझंही आहेच गं यात. मला काय रात्री झोप लागते?"

निर्णय दुपारी आला. भाऊजींना ताकीद मिळाली, नोकरी राहिली. धाकटीचा हॉल गेला. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवताना तिला हलकं वाटायला हवं होतं, असं लोक म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही.

तिथून ती हॉस्पिटलमध्ये गेली. कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी येते असं ताई म्हणाली तरी ती तिला सोबत घेऊन गेली नाही. शिवणकाम करणाऱ्या बाई खिडकीशेजारच्या खाटेवर बसल्या होत्या. डोक्याला पट्टी, उजव्या हातात मऊ रबरी चेंडू. तो दाबायचा होता, पण बोटं त्याच्यावर नुसती टेकून होती. धाकटीने स्वतःची ओळख सांगितली आणि मग सगळं सांगितलं, केबल, पुठ्ठा, दार. मधे एकदाही ती यंत्रांच्या मागे लपली नाही.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "केवढी होती ती केबल?"

धाकटीने करंगळी दाखवली. "याहून बारीक."

"एवढीशी?" बाई म्हणाल्या. त्यांनी त्या करंगळीकडे पाहिलं, आणि मग आपल्या बोटांकडे. रागावतील, रडतील, निदान जा म्हणतील, याची धाकटी वाट पाहत होती. चेंडू खाटेवर घरंगळला, धाकटीने तो उचलून पुन्हा त्यांच्या तळव्यात ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली.

ती निघाली तेव्हा बाईंनी मागून हाक मारली.

"जाताना दार लावून घ्या. वारा येतो."

धाकटी दारापाशी थांबली. तिने खाली पाहिलं, उंबरठ्याशी, मग बिजागरीच्या फटीत, मग वर. मधे काही नव्हतं. तरी तिने आणखी एकदा आत पाहिलं, दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि दार हळूहळू ओढून घेतलं.